भिंतीतली माया

आमच्या मागच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी, भिंतीला तळहाताएवढा एक चौकोन कापलेला आहे. बाकी सगळी भिंत गुळगुळीत पांढरी, आणि मध्येच हे भोक. आत उघडी वीट दिसते. जानेवारीत चंदीगडचं धुकं आठवडाआठवडा हलत नाही, तेव्हा त्या विटेवर पाणी सुटतं आणि मला रोज सकाळी फडकं घेऊन ती पुसावी लागते. घरी आलेला माणूस विचारतोच, "मॅडम, हे काय? उंदीर वगैरे?" मी सांगते, "उंदीर नाही, मी." पुढं कुणी विचारत नाही. माझा स्वभाव इथं सगळ्यांना ठाऊक आहे.

मी इथल्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवते. तीस वर्षं होतील. मूळची इचलकरंजीची. लग्न केलं नाही, त्यामुळे हक्कानं भांडायला माणूस म्हणजे एक आई, आणि तीही फोनवर.

आई ब्लाउज शिवायची. इचलकरंजीत आमचं घर दोन खोल्यांचं, आणि मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना. खडाक्-खडाक्, खडाक्-खडाक्, दिवसभर. भिंत हलायची, फळीवरचे डबे हलायचे. मी कानांत कापसाचे बोळे घालून अभ्यास केला, शाळेपासून एमेस्सीपर्यंत. आईला मात्र तो आवाज ऐकूच यायचा नाही असं मला वाटायचं. पण तसं नव्हतं. मशीनवर पाय चालू असतानाच ती मध्येच म्हणायची, "तिसऱ्या मागाचा धागा तुटला बग." आणि खरंच, क्षणभरात पलीकडे कुणीतरी ओरडायचं. दुपारी तिला डुलकी लागलेली असताना वीज गेली आणि माग बंद पडले, की ती दचकून उठून बसायची. "काय झालं गं?" काही झालेलं नसायचं. नुसता आवाज थांबलेला असायचा.

मी त्या आवाजातून पळाले, दुसरं काही नाही. चंदीगडला नोकरी लागली तेव्हा पहिल्या सकाळी मी खिडकी उघडून उभी राहिले आणि काहीच ऐकू आलं नाही. मला इतका आनंद झाला की मी आईला पत्रात लिहिलं, इथं इतकी शांतता आहे की स्वतःचा श्वास ऐकू येतो. तिनं उलट लिहिलं, "मग करमतं कसं?"

दोन वर्षांमागं गणपतीच्या आधी ती न्हाणीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण दोन तास तशीच पडून होती, शेजारीण येईपर्यंत. वय ब्याऐंशी. मी रजा टाकून गेले आणि तिला उचलून इथं घेऊन आले. उचलून म्हणते, कारण ती यायला तयार नव्हती. "मला माझ्या घरात मरायचंय," असं तिनं शेजारणींच्या देखत सांगितलं, "लेकीच्या दारात न्हाई." मी म्हटलं, मरायचं काय घेऊन बसलीस, दिवाळी झाली की पोचवते. हे मी शब्द दिल्यासारखं म्हटलं, आणि तिनं शब्द म्हणूनच घेतलं. येताना चार साड्या घेतल्या, आणि तिची कात्री. शिंप्याची असते ती लोखंडी, जड, मूठ काळ्या रंगाची. मी म्हटलं, ही कशाला? "असू दे. हातात काहीतरी पाहिजे." ती तिच्या उशाशी असायची.

सप्टेंबर-ऑक्टोबर बरे गेले. आमचं घर रांगेतलं शेवटचं. मागच्या खोलीची भिंत थेट बाजूच्या गल्लीत उघडी पडते, आणि त्या गल्लीत भिंतीला लागून एक बाई कपडे इस्त्री करते. इथं इस्त्रीला प्रेस म्हणतात, म्हणून ती प्रेसवाली. कोळशाची जड इस्त्री, आणि एक जाड फळी, तिचं एक टोक आमच्याच भिंतीतल्या खोबणीत घुसवलेलं. कुणाची परवानगी घेतली होती कोण जाणे. मी कधी हटकलं नाही आणि कधी बोललेही नाही. माझ्या कपड्यांना मी घरीच इस्त्री करते.

आईनं मात्र चार दिवसांत तिला गाठलं. मोकळ्या हवेत बसायचं म्हणून खुर्ची गल्लीत न्यायला लावली, आणि तिथंच दुपार काढायला लागली. ही कोल्हापूरकडची मराठी बोलायची, ती तिकडची पूर्वेची हिंदी. एकमेकींचं काय कळत होतं देव जाणे. पण मी विद्यापीठातून आले की आई सांगायची, "आज एका शर्टाची कॉलर जळता जळता वाचली. मी वराडले म्हणून." किंवा, "डोळं मिटून सांगते मी, शर्ट चाललाय का साडी. शर्टाला धप् धप्, तुकड्यातुकड्यानं. साडीला लांब, हलका हात." मी हूं हूं करायची. चला, म्हातारीचा वेळ जातोय, एवढंच मला वाटलं.

दिवाळी झाली. तिनं पिशवी भरली. मी म्हटलं, सेमिस्टर संपू दे. मग थंडी पडली आणि तिला खोकला धरला. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात आपले एक मराठी डॉक्टर आहेत, नागपूरकडचे. त्यांनी छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "फुप्फुसं नाजूक झाली आहेत. थंडीत दोन दिवसांचा प्रवास नको, आणि बाहेर बसणंही नको. फाल्गुनात न्या हवं तर." मी आईला सांगितलं. तिनं पिशवी मात्र रिकामी केली नाही. पलंगाखाली तशीच भरलेली राहिली.

मग रोजचं एक वाक्य सुरू झालं. सकाळी चहा घेऊन गेले की ती म्हणायची, "गार लागतंय गं हितं. मला घरी पोचीव."

आता गार लागत होतं हे खरंच. ती भिंत नऊ इंची, भरीव विटांची, आत पोकळी नाही की काही नाही. उत्तरेचं तोंड, त्यामुळे हिवाळाभर ऊन नाही. अशी भिंत खोलीतली ऊब दिवसभर बाहेर देत राहते आणि आतून हाताला बर्फ लागते. हीटर लावला तर आईचा घसा कोरडा पडून खोकला वाढायचा. शिवाय कोपऱ्यात ओल, रंगाचे पोपडे. मी उष्णतेचं वहन हा धडा तीस वर्षं शिकवते आहे आणि माझी आई माझ्याच घरात कुडकुडते आहे, याची मला लाज वाटली. लाजेपेक्षा राग आला. मला लाज वाटली की रागच येतो.

आणि तिला एक नवीनच खोड लागली होती. पडल्या पडल्या कात्रीच्या मुठीनं ती भिंतीवर ठोकायची. ठक् ठक्. थोडं थांबायची. भिंतीला तळहात लावून पडून राहायची. मला वाटलं, प्लास्टर पोकळ झालंय का बघतेय. म्हातारपणी माणसं भिंती ठोकतात, गाठोडी सोडतात-बांधतात, असं काहीतरी. दोनदा मी ओरडलेसुद्धा, "आई, प्लास्टर पडेल अंगावर!" ती कात्री उशाखाली सारायची, लहान मुलानं चिंच लपवावी तशी.

"गार लागतंय, मला घरी पोचीव." या वाक्यातला पहिला अर्धा भाग मी दुरुस्त करायला घेतला.

बाहेरून काही करता येत नव्हतं. आमच्या रांगेतल्या घरांच्या बाहेरच्या विटा सगळ्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत, त्यावर काही चढवायचं नाही, असा इथला नियम. म्हणजे आतून. एका सहकाऱ्यानं मिस्त्री सुचवला, साठीचे सरदारजी, डेराबस्सीच्या औषधांच्या कारखान्यांत थंड खोल्या बांधून देणारे. आले, भिंतीला हात लावला, वास घेतला, आणि म्हणाले, "मैडम जी, ठंड अंदर रखनी हो या बाहर रखनी हो, काम एक ही है. बस छेद नहीं छोड़ना." मला माणूस एकदम पसंत पडला. कामाचं बोलणारा.

आधी त्यांनी ओल कुठून येते ते शोधलं. गच्चीवरून येणारा पन्हाळीचा पाइप फुटलेला होता. तो बदलला, ओलं प्लास्टर विटेपर्यंत खरवडलं, आणि आठ दिवस भिंत सुकू दिली. ओल्या भिंतीवर काम केलं तर ओल आत कोंडते आणि सगळं सडतं. मग लाकडी पट्ट्या, पट्ट्यांच्या मध्ये दोन इंची फोमचे गुलाबी तक्ते, त्यावर खोलीच्या बाजूनं चांदीसारखा कागद, त्याच्या प्रत्येक सांध्याला चिकटपट्टी, आणि वरून जिप्समचे पांढरे बोर्ड. कागद कशाला? तर खोलीतली वाफ, माणसाच्या श्वासाची, चहाची, ती मागच्या गार विटेपर्यंत पोचू नये. पोचली की तिथं पाणी. कुठं बोटभर जागा राहिली, तर सगळा घाम नेमका तिथं येणार. हे ते मला सांगत होते आणि मी त्यांना सांगत होते. एकमेकांना धडे देत आम्ही दोघं अगदी खुशीत होतो.

आई मधल्या दारात खुर्ची टाकून बघत बसलेली असायची. हातात कात्री. मिस्त्री तिला बीजी, म्हणजे आई, म्हणायचे, येताजाता नमस्कार करायचे. तिसऱ्या दिवशी पलंगाच्या उशाच्या जागेवर तक्ता चढणार, तेवढ्यात ती उठली. भिंतीपाशी गेली. विटेवर बोटानं तळहाताएवढा चौकोन आखला आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत मिस्त्रींना म्हणाली, "भाईसाब, इधर थोडा माया छोडो."

मिस्त्रींचा हात तिथल्या तिथं थांबला. त्यांनी चष्मा काढला, दोन्ही कानांना हात लावले, आणि मान झुकवून म्हणाले, "सत बचन, बीजी."

मला हसू आवरेना. मराठी वाचकाला सांगायला नको; शिवताना शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात ती माया. अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. आईच्या तोंडी हा शब्द दिवसातून पन्नासदा. "माया ठेवलीय आत, काळजी करू नका वैनी." आणि मिस्त्रींच्या भाषेत माया म्हणजे मोह, धनदौलत, माझं-तुझं. ती सोडा, असं ते रोज गुरुद्वारात ऐकत आले. ब्याऐंशी वर्षांची म्हातारी अचानक उठून भिंतीकडे बोट दाखवत सांगते, थोडी माया सोडा! त्यांना वाटलं, बीजी पोचलेल्या आहेत.

"ह्यो बाबा माझ्या पाया का पडतोय?" आई चिडून म्हणाली. "मी म्हणतीय हितं जागा सोडा. हात लागू दे विटेला."

मी म्हटलं, "आई, तेवढ्या जागेतून सगळी थंडी आत येईल. तिथं पाणी सुटेल, मागचं लाकूड सडेल."

"ब्लाउजला माया ठेवली की ब्लाउज सडतंय व्हय?"

"भिंत म्हणजे ब्लाउज नव्हे गं!" मी जरा जोरातच म्हटलं. मिस्त्री दचकले. "तुला ऊब हवी आहे ना? मग मला करू दे."

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी सांगणार होती, हे मला आज कळतं. तेव्हा मी घड्याळ बघत होते, मला तीन वाजता वर्ग होता. "बरं बाई," ती म्हणाली. "तू शिकलेली." आणि खुर्चीत जाऊन बसली. मिस्त्रींनी तक्ता बसवला, कागद ताणला, चिकटपट्टी मारली. बोटभरसुद्धा जागा सोडली नाही.

खोली काय झाली म्हणून सांगू! भिंतीला हात लावला तर हाताला काही लागतच नव्हतं, ना गार ना गरम. तासभर हीटर लावून बंद केला तरी दुपारपर्यंत ऊब टिकायची. आईचा खोकला आठ दिवसांत निम्म्यावर आला. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. संक्रांतीला मी चारपाच मराठी बायका हळदीकुंकवाला बोलावल्या, मुद्दाम त्या खोलीत बसवल्या, आणि मिस्त्रींचा किस्सा साभिनय सांगितला. बायका हसून हसून लोळल्या. आईसुद्धा हसली, पदर तोंडाला लावून. तिळगूळ सगळ्यांना तिनंच वाटला.

आणि त्यानंतर एकदाही ती म्हणाली नाही, मला घरी पोचीव.

हा माझा विजय होता, असं मला वाटलं. मी फोनवर लोकांना सांगत होते, आई रमली एकदाची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. तिला आता घरी जायचं नाहीये असं मी धरून चालले. तिच्याकडे घरी जाण्यासाठी एकच कारण होतं, माझ्यासमोर मांडता येईल असं. गार लागतंय. ते मी काढून घेतलं. आता लेकीनं एवढा खटाटोप केल्यावर ती कुठल्या तोंडानं म्हणणार होती, तरीही मला जायचंय?

ती झोपून राहायला लागली. एकदोनदा मी तिला कात्रीच्या मुठीनं ठोकताना पाहिलं. आता भिंत भद् भद् अशी वाजायची, उशीवर मारल्यासारखी. ती तळहात लावायची, थांबायची, आणि हात मागं घ्यायची. मग ठोकणं बंद झालं. मला बरं वाटलं, म्हटलं खोड गेली. एका सकाळी चहा देताना ती म्हणाली, "कसलाच आवाज न्हाई गं हितं."

"हो ना!" मी म्हटलं. "किती शांत झाली ना खोली?"

तिनं कप हातात घेतला आणि म्हणाली, "व्हय." मी खूश होऊन विद्यापीठात गेले.

माघ संपता संपता, एका दुपारी ती झोपेतच गेली. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत होते. छातीचं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वय, हृदय थकलं. चेहरा शांत होता. अंगाला ऊब होती, कारण खोलीलाच ऊब होती, आणि त्यामुळे मला कळायलाही उशीर झाला. चहा गार झाला तरी उठेना म्हणून हात लावला, तर हात उबदारच लागला. मी तिला आणखी पंधरा मिनिटं झोपू दिलं. ही पंधरा मिनिटं मला जन्मभर पुरतील.

अस्थी घेऊन मी इचलकरंजीला गेले आणि पंचगंगेत सोडल्या. घर उघडलं. पलीकडे माग चालू होते, डबे हलत होते. मी जमिनीवर बसले आणि पहिल्यांदा कानांत कापूस नसताना तो आवाज नीट ऐकला. कुठला माग कुठला, मला एकही ओळखू आला नाही.

परत आले तोवर चंदीगडला उन्हं कडक व्हायला लागली होती. आईच्या चार साड्या धुऊन ठेवल्या होत्या. इथल्या वृद्धाश्रमात द्याव्यात म्हणून काढल्या, पण चुरगळलेल्या कशा द्यायच्या? माझी विजेची इस्त्री नेमकी बिघडलेली. म्हणून मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा गल्लीत गेले.

प्रेसवालीनं साड्या हातात घेतल्या आणि तिचा चेहरा उजळला. "ये तो माताजी की हैं! भूल गईं क्या?"

 तिला माहीत नव्हतं. नंतर कळलं, ती भाचीच्या लग्नाला माघभर गावी गेली होती. पण मला तेव्हा एवढंच ऐकू आलं, भूल गईं क्या.

"कब गईं माताजी?" ती कोळसे फुलवत विचारू लागली. "जिस दिन मिस्त्री की ठोका-ठाकी बंद हुई ना, उसी दिन? मैं समझ गई थी. बहुत मन था उनका घर जाने का. रोज कहती थीं, घर जाना, घर जाना."

"तुला काय माहीत?" मी विचारलं. मराठीतच विचारलं. मग हिंदीत.

तेव्हा तिनं सांगितलं. थंडी पडल्यावर आईला बाहेर बसायची बंदी झाली, त्या आधीच दोघींनी ठरवून ठेवलं होतं. ही फळीवर इस्त्री आपटायची, ती भिंतीतून आईला कळायची. सकाळी आल्यावर ही विटेवर दोन ठोके द्यायची: ठीक आहात ना? आई आतून दोन द्यायची: ठीक आहे. दिवसातून चारपाच वेळा. आणि संध्याकाळी ही घरी निघाली की एकच ठोका: निघते. आई एक ठोका द्यायची: ये.

"फिर एक दिन मैंने दो मारे, जवाब नहीं. अगले दिन फिर. चार-पाँच दिन मारती रही." ती साडी पसरत होती, हात फिरवून सुरकुती काढत होती. "फिर सोचा, चली गईं अपने देस. अच्छा हुआ. आपसे पूछना चाहती थी, पर आप तो गाड़ी में बैठकर निकल जाती हो." मग हसत, पण लागलेलं असावं तसं म्हणाली, "बस, जाते-जाते एक ठक तो दे जातीं."

 आई चार-पाच दिवस आतून ठोकत होती, ही बाहेरून ठोकत होती, आणि मध्ये मी होते, दोन इंच जाड.

"पहुँच गईं ना ठीक से?" तिनं विचारलं.

खरं सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "हाँ. पहुँच गईं."

"तो इनको कागज़ डालकर तह करूँगी," ती म्हणाली. "रास्ता लंबा है, मुड़ जाएँगी."

मी घरात आले. मागच्या खोलीत गेले. उशाखाली कात्री होती, मी हलवलेली नव्हती. आईनं बोट फिरवलं होतं ती जागा मला नीट आठवत होती. आधी बोर्डात टोक खुपसलं. पांढरा चुरा पडला. मग तो चांदीचा कागद, टरकन फाटला. मग गुलाबी फोम, तो करकरत कापला जात होता. आईची कात्री कधी असल्या कामाला लागली नव्हती. तिनं पाहिलं असतं तर ओरडली असती, धार जाईल की गं! मी रडत होते आणि कापत होते. विटेपर्यंत पोचले तेव्हा हाताला फोड आले होते.

विटेवर तळहात ठेवला. गार नव्हती, मार्च लागला होता. आणि हातात आवाज आला. कानात नाही, हातात. लांब, हलका. परत लांब, हलका. आईनं शिकवलेलं तेवढं एकच मला ओळखता आलं. साडी चालली होती.

मी कात्री उलटी धरली आणि मुठीनं विटेवर एकदा ठोकलं, आईचा जातानाचा राहिलेला ठोका. एकदाच.

बाहेर इस्त्री थांबली.  आईच्या जागी मी ठोकतेय म्हणजे गल्लीत खोटं बोलले होते, ते आता तिला कळलं असणार. मग पलीकडून ठोका आला, एक, अगदी हळू.